प्रजासत्ताक दिनाचा प्रसाद

२६ जानेवारीला सोवळे लागत नाही, उपवास धरावा लागत नाही आणि गुरुजींची वेळही घ्यावी लागत नाही. मुहूर्तही लागत नाही असे म्हणणार होतो, परंतु संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारले गेल्यावर ते पूर्णपणे अमलात आणण्यासाठी घटनाकारांनी दोन महिने वाट पाहिली, ती १९३० सालच्या पूर्ण स्वराज्य दिनाची तारीख साधावी म्हणून. म्हणजे मुहूर्त पाहिला गेलाच. कोथरूडमधील आमच्या सोसायटीचे झेंडावंदन पाहताना मला नेहमी वाटते की, या सर्वस्वी सरकारी सणात आपण कितीतरी धार्मिक शिकवण नकळत आचरणात आणतो.

मानाचेच पाहा. ज्या शहरात विसर्जन मिरवणुकीत कसबा गणपती पहिला आणि केसरीवाड्याचा पाचवा हा क्रम शाळकरी मुलांनाही पाठ असतो, तिथे झेंड्याची दोरी कोणी ओढायची हा प्रश्न किरकोळ असूच शकत नाही. आमच्याकडे आजी अध्यक्ष, माजी अध्यक्ष आणि सर्वांत ज्येष्ठ सभासद असे तिघे दावेदार असतात. झेंड्यात झेंडूच्या पाकळ्या भरून सुरगाठ मारतो मात्र आमचा रखवालदार. मानकऱ्यांनी कितीही हिसके दिले तरी ती गाठ ढिम्म हलत नाही; मग रखवालदार पुढे होतो, दोरी किंचित सैल सोडून एकच झटका देतो आणि सगळ्या पाकळ्या मानकऱ्यांच्या टकलावर पडतात. करता करविता कोणी वेगळाच असतो, हे कीर्तनकार तासभर समजावून सांगतात. येथे ते अर्ध्या मिनिटात दिसते. छायाचित्रात अर्थातच मानकरी असतात.

राष्ट्रगीत ५२ सेकंदांचे असते. गणपतीत प्रत्येक आरतीला आणखी एक आरती जोडणाऱ्या आणि कोणते कडवे चालू आहे यावर एकमत न होणाऱ्या आमच्या मंडळींना भक्ती एवढ्या थोडक्यातही आटोपते, याचे दरवर्षी नव्याने आश्चर्य वाटते.

मला सर्वाधिक भावते ती उत्तरपूजा. ध्वजसंहितेनुसार झेंडा झपाट्याने चढवावा आणि सावकाश, आदराने उतरवावा. आपण गणपती आणताना आणि पोचवताना वेगळे काय करतो? कागदी झेंडे जमिनीवर टाकू नयेत, त्यांचा मान राखून खासगीत विल्हेवाट लावावी, असेही ती सांगते, आणि नदीघाटावरच्या निर्माल्य कलशाची सवय असलेल्या पुणेकराला हे वेगळे शिकवावे लागत नाही. आमच्या इमारतीतील मुले दुपारी गटाराच्या जाळीत अडकलेले झेंडेसुद्धा काढून आणतात, एरवी स्वतःची चप्पल जागेवर ठेवत नाहीत. शिवाय ज्या झेंड्याला आपण निधर्मी समजतो, त्याच्या मधोमध अशोकाच्या सारनाथ स्तंभावरचे २४ आऱ्यांचे धर्मचक्र आहे, हे या गडबडीत कोणाच्या ध्यानीही येत नाही.

शेवटी जिलबी. मिठाईवाल्यांनी पदपथावर मांडलेल्या कढईतून ती गरम आणली जाते आणि अध्यक्षांपासून कचरा नेणाऱ्या ताईंपर्यंत सर्वांना सारखीच मिळते. प्रसादाला नाही म्हणू नये, हा नियम आमच्या मधुमेही ज्येष्ठांनी या दिवसाला परस्पर लागू केला आहे. दुसऱ्यांदा हात पुढे करताना ते ‘घरी नेण्यासाठी’ असे आवर्जून सांगतात. ती पुडी लिफ्टपर्यंतही पोहोचत नाही.