भोगीचं ताट

आज भोगी, सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा बघून पाहुणे घरी आलेले, घर गच्च भरलंय. ताटात तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि भोगीची भाजी. आता ही भाजी म्हणजे हरभरा, पावटा, वांगं, गाजर सगळं एकात, आपल्याला भारी लागते, पण माझ्या सात वर्षांच्या लेकाला ऑटिझम आहे आणि त्याला पुढचा घास मऊ लागणार की कचकन लागणार हेच कळत नाही, त्यात घरात एवढा गलका. म्हणून तो आपली कडक भाकरी खातो. ती रोज तशीच असते ना! तुकडा आधी कानाजवळ नेऊन मोडतो, कट्ट आवाज आला की मगच तोंडात.

मावशी मागं लागल्या, "एकच घास की रे, माझ्यासाठी." मायेनंच म्हणतात, आपल्याकडं आग्रह केल्याशिवाय जेवू घातल्यासारखं वाटतच नाही. पण तोंडापाशी हात आला की त्याला ओकारीची उबळ येते, खरंच येते, ते नाटक नाही आणि लाडावलाय असंही नाही. मी मावशींना सरळ सांगितलं, त्याच्या ताटाकडं बघूच नका.

थेरपीत शिकवलंय तसं नवीन पदार्थ फक्त बाजूच्या वाटीत ठेवायचा. हात लावला, वास घेतला, तरी ते पुढं जाणंच आहे. कोरडी शेंगाचटणी अशीच हळूहळू आली ताटात. आज बाजरीची भाकरी तव्यावर पार वाळवून कडक केली, त्यानं मोडली, वास घेतला, एक तीळ चाटला आणि ठेवून दिली. मला तेवढ्यानं इतकं बरं वाटलं!

प्रत्येक मुलाचं वेगळं असतं पण. थेरपीला एक छोटी मुलगी येते, तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही, चावणं-गिळणंही अवघड, तिला कडक भाकरी दिली तर घशात अडकेल. तिची आई तिला सरळ बसवून, पाय टेकवून, हनुवटी जरा खाली ठेवून मऊ भात भरवते, कारण मान मागं गेली की घास श्वासनलिकेत जायची भीती आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. एकेका जेवणाला किती वेळ जातो त्या बाईचा, आणि लोक म्हणतात पोरगी बारीकच आहे, खायला घालत नाही का.

उद्या संक्रांत. शेंगापोळ्या करायच्यात, त्यातली एक जास्त भाजून कडक करणार आणि वाटीत ठेवणार. मावशी म्हणाल्या, मी भाजते.