तुम्ही विचारलंत म्हणून: तंबाखू सुटली कशी?

कंपनीतली नवी पोरं विचारतात. नात्यातल्या वहिन्या तर नवऱ्याला समोर बसवून विचारतात, "भाऊजी, बावीस वर्षांची तंबाखू सोडलीत. एवढा निग्रह आणलात कुठून?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, निग्रह माझ्याकडे नव्हता आणि आजही नाही. पंगतीत जिलेबी आली की माझा 'नको'चा हात कधीच वेळेवर वर येत नाही.

लोकांना वाटतं, घाबरून सोडली असणार. तर २०१६ साली डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला, तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस पुडीला हात लावला नाही. रिपोर्ट चांगला आला आणि त्याच संध्याकाळी नाशिकमधल्या सातपूरच्या टपरीवर उभं राहून मी नेहमीपेक्षा मोठा बार भरला. भीती रिपोर्टाबरोबर फाईलमध्ये गेली.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी रागावून झाल्यावर दोन गोष्टी सांगितल्या. चुन्यामुळे निकोटीन मोकळं होतं आणि तोंडातूनच भराभर रक्तात जातं. दोनेक तासांत त्यातलं निम्मं उतरतं, की शरीर पुन्हा मागायला लागतं. माझा दिवसभराचा हिशोब नेमका तोच होता, फक्त मी त्याला 'सवय' म्हणत होतो. दुसरी गोष्ट जास्त कामाची निघाली. तलफ उठते, चढते आणि बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत आपली आपण उतरते. बावीस वर्षांत मला हे कळलंच नव्हतं. कळणार कसं, एकदाही थांबून पाहिलं नव्हतं.

मी कारखान्यात लेथ मशीनवर. तेव्हा जो जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा भाग, चालू होता त्याला नऊ मिनिटं लागायची. पुडी आणि चुन्याची डबी शेजारच्या मशीनवरच्या जोडीदाराकडे दिली आणि सांगितलं, "मागितली तर नाही म्हणू नको. फक्त हातातला जॉब उतरल्यावर दे." 'देणार नाही' म्हणाला असता तर मी गेटबाहेर जाऊन घेतली असती. "हा उतरव, मग देतो," असं तो शांतपणे म्हणायचा. जॉब उतरेपर्यंत माप, टूल, कूलंट यांत डोकं गुंतायचं आणि दहातल्या सहा वेळा मागायचंच राहून जायचं. उरलेल्या चार वेळा घेतली, खोटं कशाला सांगू. महिन्याभरात चाराची एक झाली, मग तीही गेली.

पूर्ण बंद केल्यावरचे पहिले तीन दिवस वाईट. मुलीवर पेन्सिलच्या टोकावरून ओरडलो. डॉक्टरांनी निकोटीनचा गम दिला होता. तो साध्या च्युइंगगमसारखा चावत राहायचा नसतो. थोडा चावायचा, चुणचुणलं की गालात धरून ठेवायचा. ते मात्र मला शिकवावं लागलं नाही!

हाताचं काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. मळून मळून डाव्या तळव्याची कातडी गुळगुळीत झाली होती. झोपेत उजवा अंगठा त्याच जागी फिरत असतो, असं बायको सांगायची. शेवटी खिशात शेंगदाणे ठेवायला लागलो. तळहातावर घ्यायचे, अंगठ्याने सालं काढायची, फुंकर मारायची. लांबून पाहणाऱ्याला तंबाखूच वाटायची.

पाच महिन्यांनी एकदा मोडलं. अमरधाम स्मशानात एका मित्राला पोचवून बाकावर बसलो होतो. शेजारच्याने न बोलता मळलेली चिमूट पुढे केली, मी न बोलता घेतली. डोकं गरगरलं. घरी आल्यावर वाटलं, गेले पाच महिने पाण्यात. बायको म्हणाली, "एक चिमूट गेली. पाच महिने कुठे गेले?" दुसऱ्या दिवशी कामावर शेंगदाणे घेऊन गेलो.

कुणाला असा जोडीदार नसेल तर तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी सरकारी फोन आहे, १८०० ११ २३५६. पैसे पडत नाहीत.

आता तलफ येते का? परवा सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, बसमध्ये चढलो. शेजारच्या माणसाने डबी उघडली, नखाने चुना घेतला, मळायला लागला. वास आला. माझा अंगठा हलला. मी उठलो, पुढच्या दारापाशी जाऊन दांडा धरला आणि द्वारका चौकापर्यंत उभ्याने गेलो.