मॉडेलमध्ये सह्याद्री बसेना

तीन आठवडे झाले रोज सकाळी हवामानाच्या मॉडेलची लॉग फाईल उघडते आणि तोच एरर, सीएफएल, म्हणजे मॉडेलचं गणित फुटलं. काम काय तर जुलै २०२१ चा पाऊस कॉम्प्युटरवर परत पाडायचा, तोच, महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी झाला आणि खाली वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं तेव्हाचा. आधी जसा पडला तसा पाडायचा, मग हवा आणि समुद्र दोन डिग्री गरम करून तोच परत पाडायचा आणि दोन्हीतला फरक बघायचा. घरी सांगितलं तर सगळे म्हणाले हे काय, गुणाकार तर आहे.

गुणाकार आहे पण. हवा एक डिग्री तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, दोन डिग्रीला १४-१५ टक्के, म्हणजे ५९४ चे ६८० च्या आसपास, झालं, पेपर लिहा. पण बाष्पाचं पाणी होताना उष्णता सुटते, त्याने ढग अजून जोरात वर चढतो आणि आजूबाजूची दमट हवा ओढून घेतो, त्यामुळे तासा-दोन तासांचा पाऊस ७ टक्क्यांच्या पुढेही जाऊ शकतो. आणि समुद्रावरून येणारा वाराच ढिला पडला तर घाटावर आदळायला एवढं बाष्प येणार कुठून? त्यामुळे मॉडेल चालवायलाच लागतं.

आणि मॉडेल घाटात अडकतं. मॉडेल नकाशाचे चौकोनी तुकडे पाडून हिशोब करतं, मी ३ किमीच्या चौकटी घेतल्यात. कोकणातून सह्याद्री भिंतीसारखा उठतो, तिथे वारा उभा वर जातो, मॉडेलच्या एका टाइमस्टेपमध्ये, म्हणजे हिशोबाच्या एका पावलात, तो चौकट ओलांडून पुढे पळाला की गणित फुटतं, रन बंद. टाइमस्टेप कमी केली की रन रांगतो. चौकटी अर्ध्या करायच्या तर खर्च आठपट, आणि क्लस्टरवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक मोठ्या कॉम्प्युटरवर, आपला नंबर कधी लागणार ते देवाला माहीत. शेवटी सीनियर म्हणाला, टेरेन स्मूद कर ना. केलं. एरर गेला, मी कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला, आणि आउटपुट उघडलं तर पाऊस वाईकडे सरकलेला! बरोबरच आहे म्हणा, डोंगर मीच बुटका केला होता.

हसू नका, ज्या मॉडेल्सवरून शंभर वर्षांचे अंदाज निघतात त्यांच्या चौकटी बऱ्याचदा १०० किमीच्या असतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या वर पाऊस आणि तिथून ३० किमीवरच्या वाईला हजारही नाही, हे दोन्ही एकाच चौकटीत, वर कोकणपण त्यातच. सरासरी काढून काय हाताला लागणार.

खरा पडलेला पाऊसही काही सरळ नसतो. आपल्याकडे दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि ज्या दिवशी मोजला त्या तारखेला लिहितात. सांताक्रूझचा तो ९४४ मिमी, जो सगळे २६ जुलै २००५ चा म्हणून सांगतात, तो रेकॉर्डमध्ये २७ तारखेला आहे. मी पहिल्या वर्षी २६ ला शोधत बसले होते आणि फाईल करप्ट आहे म्हणून मेलसुद्धा टाकला होता. त्याच दिवशी कुलाब्याला १०० मिमीही नव्हता, एकाच शहरात.

मोठं चित्र तसं स्पष्ट आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या लोकांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना तिप्पट झाल्या. पण मध्य भारत म्हणजे माझ्या मामाचं दुकान नाही ना.

मामा चिपळूणला बाजारपेठेत असतो. २०२१ ला सगळा माल गेला. काल फोन केला तर म्हणाला, अगं नवीन रॅक करून घेतले, पाण्याची भिंतीवर खूण आहे ना, तिच्यावर एक हात. म्हटलं एक हातच का? तर म्हणे सुताराने सांगितलं. मग मला विचारतो, तुझं ते मशीन काय म्हणतंय, पुरेल का एक हात?

म्हटलं मामा, थांब जरा, डोंगर बसवतेय अजून. रन परत टाकलाय, डोंगर पूर्ण उंचीचा, टाइमस्टेप ९ सेकंद. क्यूमध्ये ४१ वा नंबर आहे.