सालेर्नची लाल माती आणि तिच्यावरची झिलई

दक्षिण फ्रान्समधल्या वार विभागात ब्रेस्क नदीकाठी सालेर्न हे छोटं गाव आहे. इथली माती लोहयुक्त, भाजली की लाल होते. ‘तोमेत’ ही षटकोनी लाल फरशी इथलीच. आम्ही आधी तेरा रोसा हे संग्रहालय पाहिलं. जुन्या फरशीच्या कारखान्यातच ते थाटलंय, त्यामुळे भट्टीचा आवाका समोर दिसतो. मग मोर्चा वळवला भिंतीच्या झिलईदार टाइल्सकडे. झिलई म्हणजे भट्टीत वितळून टाइलवर बसणारा काचेसारखा लेप.

निम्मं काम वाळवण्यातच आहे. घाई केली की कडा आधी आकसतात, मधला भाग ओला राहतो आणि टाइल वाकते. म्हणून सावलीत, अधूनमधून उलटवत वाळवायची. साधारण १००० अंश सेल्सिअसला पहिली भाजणी झाली की टाइल झिलईच्या पातळ राबडीत बुडवतात. लाल माती झाकायला त्यात कथिलाचं ऑक्साइड लागतं, त्यानंच दुधी पांढरेपणा येतो.

नक्षीसाठी भोकं पाडलेला कागद टाइलवर ठेवून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटतात. उमटलेल्या ठिपक्यांवरून ब्रश फिरतो. कोळसा दुसऱ्या भाजणीत जळून जातो. कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, मँगनीजचा जांभळट तपकिरी. कच्ची, अजून न भाजलेली झिलई रंग तत्काळ पिते, त्यामुळे ब्रश थबकला की डाग पडतो आणि तो पुसता येत नाही. हाताचं काम ओळखायचं ते इथंच: रेघ सुरुवातीला गडद, शेवटाकडे फिकी. सगळ्या टाइल्सवर फूल तंतोतंत सारखं असेल तर ती छपाई.

झिलई मातीपेक्षा जास्त आकसली की तिच्यावर केसासारख्या भेगांचं जाळं पडतं. ते देखणं दिसतं, पण शेगडीमागे त्यात तेल मुरतं. अशी टाइल ग्राउट (सांधे भरायचं मिश्रण) भरण्याआधी सीलर (भेगा बुजवणारा द्रव) लावूनच घ्यावी, नाहीतर गडद ग्राउट भेगांत कायमचा बसतो. पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो शोषला गेला तर सीलरचा आणखी एक हात हवा.

खरेदी १० टक्के जास्तच करावी. प्रत्येक भट्टीची छटा वेगळी निघते, म्हणून लावण्याआधी सगळी खोकी उघडून टाइल्स मिसळाव्यात. कडा हातच्या असल्यानं २ ते ३ मिलिमीटरचा सांधा ठेवावा. टाइलला टाइल भिडवली की चौथ्या-पाचव्या रांगेत ओळ हमखास चुकते. कापताना झिलई वर ठेवून पाण्याचं डायमंड कटर वापरावं. आणि जिथं पाणी गोठतं तिथं ही टाइल बाहेरच्या भिंतीला नको, मुरलेलं पाणी गोठून फुगतं आणि झिलईचे पापुद्रे उडतात.