विठोबाक घाय ना

गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पहिल्याच भेटीत डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं, "घरात आधी कॅन्सर कुणाला होता?" आई म्हणाली, "आमच्या आईला." वय? 61. कुठला? "हाच. छातीचा." त्यांनी लिहून घेतलं. अख्खी आजी त्या फाइलमध्ये एका ओळीत मावली.

आईची केमो दर 21 दिवसांनी. यंदा आषाढी नेमकी तिसऱ्या डोसनंतर दहाव्या दिवशी आली. त्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात, त्यामुळे गर्दीत जायचं नाही अशी सक्त ताकीद. आदल्या रात्री आईने देव्हाऱ्यातून आजीची तुळशीची माळ काढून माझ्या हातात ठेवली. "तू जा. तिचं चालणं मोडायला नको."

आमच्या माशेलापासून सांखळीच्या विठ्ठलापुरातलं विठोबाचं देऊळ म्हणजे 14-15 किलोमीटर. पंढरपूरला जाणारे आपले गोंयकार वारकरी कधीच निघून गेलेले असतात. ज्यांना तेवढं जमत नाही त्यांची ही वारी. पहाटे देवकीकृष्णाला नमस्कार करून निघालो. पोर्तुगिजांच्या धाडीत हा देव चोडणहून मयेला आणि मयेहून माशेलला आला. आजी म्हणायची, आपला देवसुद्धा चालूनच वाचला, मग आपल्या पायांना काय झालंय?

पखवाजाला प्लास्टिक गुंडाळलेलं, टाळ मात्र भिजत वाजत होते. खांडोळ्याच्या उतारावर पाऊस असा कोसळला की छत्र्या मिटून सगळेच "ज्ञानबा-तुकाराम" करत चालू लागले. माझे बूट पहिल्या तासातच गेले. (आजी अनवाणी चालायची. तेव्हा मला ते भक्तीचं वाटायचं, आता वाटतं शहाणपणाचं.)

आमोण्याच्या पुलावर आजीच्या वेळची एक मावशी माझ्या बाजूला आली. "तुझ्या आजीने गो, शेवटपर्यंत हूं की चूं केलं नाही." ती कौतुकच करत होती. मी खाली मांडवीकडे बघत राहिले. पाणी गढूळ लाल, फुगलेलं.

कारण नेमकं तेच मला गिळवत नाही.

आजीबरोबर मी चालले ती तिची शेवटची वारी. मी नऊ वर्षांची. तिच्या डोक्यावर तुळस होती आणि ती तिने उजव्या हाताने धरली होती. डावा हात खाली, माझ्या हातात. मी थकून कुरकुरले की म्हणायची, "हळू चल गो, विठोबाक घाय ना." विठोबाला घाई नाही. कितीतरी वर्षं मी ती आठवण जपली: एक हात देवाला, एक हात मला. यंदा आईचे रिपोर्ट आल्यावर एका रात्री मी तिला हे सांगितलं, तर ती गप्पच झाली. मग म्हणाली, "डावा हात तिला वर जातच नव्हता, बाय. काखेत गाठी होत्या." वर्षभर आजीने कुणाला दाखवलं नव्हतं. पदर घट्ट ओढायचा, रात्री खोबरेल लावायचं. पुरुष डॉक्टरपुढे कोण उघडं होणार, आणि सुनांना कशाला त्रास! दाखवलं तेव्हा जखम झाली होती.

आईला न्हाताना गाठ लागली त्या रविवारी ती एवढंच म्हणाली, "विठोबाक घाय ना, म्हाका आसा." (मला आहे.) सोमवारी सकाळी सातला आम्ही ओपीडीच्या रांगेत होतो. लेकीनेही तपासून घ्यावं म्हणून माझ्या नावाची चिठ्ठी दिली आहे. पुढच्या गुरुवारची.

न्हावेलीत कुणीतरी चहा आणि केळी वाटत होतं. एक बाई दमल्या म्हणून त्यांची तुळस मी डोक्यावर घेतली. दोन्ही हातांनी धरली. खांदे लगेच भरून आले, तरी हात काही खाली घ्यावेसे वाटेनात.

वाळवंटी नदीचं पाणी पायऱ्यांवर चढलं होतं. विठ्ठलापुरात रांग लांब, आत ओल्या कपड्यांचा आणि उदबत्तीचा वास. पुजाऱ्यांनी माळ देवाच्या पायांना लावून परत दिली. मागायचं काय ते रस्ताभर ठरवत आले होते. समोर गेल्यावर आजीचीच तक्रार केली. ऐकून घेतली असेल. कमरेवरचे हात काही हलले नाहीत.

परतीला बस मिळाली. मी दारात पोचले तर आई बलकांवातूनच, म्हणजे ओसरीवरूनच ओरडली, "लांब राव! आधी न्हाऊन ये. माळही धू, गरम पाण्याने." सगळीकडे हात लागलेली माळ, तिचं बरोबरच होतं. देवळातून भजनाचा आवाज येत होता. उद्या चिखलकाला, देवळापुढे चिखलात खेळायचा उत्सव; तोवर भजन थांबणार नाही.

मी माळ धुऊन, झटकून तिच्या हातात दिली. डोक्याच्या रुमालाला न अडकवता तिने ती हळूच गळ्यात उतरवली आणि घड्याळाकडे पाहिलं.

"सहाची गोळी दी गो. वेळ झाली."