परसातला रब्बीचा कांदा-लसूण : फेब्रुवारीअखेरची नोंद

लसणाच्या पातीचे शेंडे पिवळे पडू लागलेत आणि कांद्याची मान मातीलगत फुगायला लागली आहे. दोन्ही वाफे नाशिकच्या घरामागच्या परसात, एकमेकांना लागून. काढणी अजून लांब असली तरी नोंद आत्ताच करतो आहे, कारण कांदा केवढा होणार हे बहुतांशी या टप्प्यापर्यंत ठरून गेलेलं असतं.

कांद्याचा एकेक पापुद्रा म्हणजे एकेका पानाचा फुगलेला बुंधा. कांदा भरायला लागण्याआधी जितकी पानं आली, तेवढ्यावरच त्याचं भांडवल. आणि भरायला कधी लागायचं हे दिवसाची लांबी आणि ऊब ठरवते. नाशिकला डिसेंबरात दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात १२ तासांवर येतो. आपल्या जातींना एवढं पुरतं. भरायला लागताना रोपावर आठ-दहा पानं असली तर कांदा अंगाने भरतो. चार-पाचच असली तर गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, हाती येते, मग पुढे कितीही खत-पाणी करा. युरोपातल्या जातींना १४ तास किंवा त्याहून मोठा दिवस लागतो. म्हणून तिकडून कुणी हौसेने आणलेल्या बियाण्याची इथे नुसती पातच वाढत राहते.

त्यामुळे माझा सगळा जीव नोव्हेंबर-डिसेंबरातल्या पातीवर होता.

उळे, म्हणजे कांद्याचं बी, टाकलं ऑक्टोबरच्या शेवटी, गादीवाफ्यावर, बोटाने रेघा ओढून, विरळ. बियाणं राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं एन-२-४-१, आणि एका कडेला राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची भीमा शक्ती. बियाणं याच वर्षीचं घ्यायचं. कांद्याचं बी साध्या डब्यात वर्षभरानंतर उगवणीला फार कमी पडतं. रोपांची मर होऊ नये म्हणून वाफ्यात शेणखताबरोबर ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मिसळली होती. रोप पेन्सिलीपेक्षा थोडं बारीक झालं तेव्हा, डिसेंबरच्या मध्यावर, लावणी केली. दोन ओळींत १५ सेंटिमीटर, दोन रोपांत १०. या हिशेबाने चौरस मीटरला ६५च्या आसपास रोपं बसतात आणि कांदा सरासरी ६० ग्रॅमचा झाला तरी ४ किलोच्या जवळ जातो. परसबागेसाठी हा हिशेब मला फार आवडतो.

लावणीच्या दिवशी पाणी, मग तीन-चार दिवसांनी आंबवणीचं, म्हणजे दुसरं, पाणी. निफाडकडे जन्मभर कांदा केलेले शेजारचे काका रोज सकाळी कुंपणाशी येतात. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "पाणी थोडं दे, पण लवकर लवकर दे. कांद्याची मुळं खोल जात नाहीत." खरंच आहे. मुळं वरच्या थरातच पसरतात, म्हणून खुरपणीही हलक्या हाताने करावी लागते. मी बरंचसं तण हातानेच उपटलं.

शेणखत आणि निंबोळी पेंड लावणीआधी दिली होती, शेण-गोमूत्राचं जीवामृत अधूनमधून. आता नत्र पूर्ण बंद. कांदा भरत असताना नत्र दिलं की माना जाड राहतात, जोड कांदे वाढतात आणि माल टिकत नाही. वर पात किती हिरवीगार दिसते याचा मोह या दिवसांत आवरायलाच हवा.

जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीने काही रोपांना डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, आले. जरा जास्त जाड झालेल्या रोपांनाच ते आले, हे लक्षात घेण्यासारखं आहे: रोप अंगाने मोठं असताना दीर्घ थंडी लागली की ते फुलाकडे वळतं. दांडा मोडून उपयोग नसतो, आत कडक काडी राहतेच. ती झाडं उपटून घरात दिली. डेंगळ्यांची भाजी चण्याची डाळ घालून फार छान होते.

आता काळजी फुलकिड्यांची. ऊन तापायला लागलं की ते वाढतात, आणि बसतात पातीच्या बेचक्यात, जिथे नजर जात नाही. पात अलगद फाकवून पाहायची. पिवळसर बारीक किडे आणि पानावर रुपेरी ठिपके दिसले की समजायचं. पश्चिमेकडून वारा येतो त्या बाजूला मक्याची ओळ लावणीच्या महिनाभर आधी पेरली होती. त्याचा फायदा झाला असं माझं मत आहे, कारण मका नसलेल्या टोकालाच ठिपके जास्त आहेत. ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारतो. करपा या बुरशीच्या रोगाचे जांभळट चट्टे अजून नाहीत. ढगाळ हवा आली तर रोज पाहावं लागेल.

लसूण ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात लावला. जात गोदावरी, जांभळट सालीची, चवीला तिखट. गड्डा लावणीच्या दिवशीच फोडला आणि बाहेरच्या मोठ्या पाकळ्या तेवढ्या घेतल्या, आतल्या बारीक पाकळ्या फोडणीला. टोक वर, दोन-तीन सेंटिमीटर खोल, १० बाय ७.५ सेंटिमीटरवर. बाजारातला टपोऱ्या पाकळ्यांचा डोंगरी लसूण इथे लावू नये. त्याला जास्त थंडी आणि मोठा दिवस हवा असतो, आपल्याकडे तो गड्डाच धरत नाही.

परवा एक झाड उपटून पाहिलं. पाकळ्या सुट्या झाल्यात, वरची साल मात्र अजून ओलसर आहे. म्हणून लसणाचं पाणी कालपासून तोडलं. आता पाणी मिळालं तर पाकळ्यांना जमिनीतच पुन्हा कोंब येतात. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात काढून, पातीसकट सावलीत वाळवून जुड्या बांधणार.

कांद्याला एप्रिल उजाडेल. अर्ध्या झाडांच्या माना पडल्या की काढणी, त्याच्या दहा-पंधरा दिवस आधी पाणी बंद. काढल्यावर तीन दिवस वाफ्यातच, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असं पसरून. मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापायची आणि पुढचे दहा-बारा दिवस सावलीत. घरी साठवायला जुन्या लाकडी फळ्यांची, तळाला फट ठेवलेली मांडणी करतो आहे. कांद्याला खालून हवा लागली पाहिजे.

एकाच जातीचे, बारीक मानेचे, गोल, जोड नसलेले काही कांदे ऑक्टोबरात बियाण्यासाठी पुन्हा लावायचे आहेत. काकांनाही तीच जात लावायला राजी केलं आहे, म्हणजे मधमाश्यांनी फुलांत सरमिसळ केली तरी निदान या दोन परसांत तरी बी एकाच जातीचं राहील.