ठाण्यातला हिवाळा आणि आमच्या कासवांचं दुमजली घर : माझा अनुभव

"ठाण्यात कुठे थंडी असते गं, हीटर काय लावतेस?" हे मी गेल्या हिवाळ्यात सासूबाईंपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांकडून ऐकलंय. माणसांपुरतं ते खरंही आहे, जानेवारीत दुपारी आमचा फॅन चालूच असतो. पण आम्ही राहतो घोडबंदर रोडला, मागे येऊरचा डोंगर, पहाटे तिकडून जो गारठा येतो त्याने बाल्कनीतला थर्मामीटर १५-१६ वर उतरतो आणि दुपारी तोच ३१ दाखवतो. घोळ इथेच आहे. दुपारचं ऊन बघून वाटतं काही करायची गरज नाही, आणि कासवाची पिल्लं आजारी पडतात ती रात्रीच्या गारव्याने.

आमच्याकडे दोन आहेत, ठमा आणि गोट्या. आफ्रिकन सुलकाटा, आली तेव्हा तळहातावर मावत होती. (ठमा हे नाव लेकीने ठेवलं. मादी आहे की नर ते चांगलं फूट-सव्वा फुटाचं होईपर्यंत कळत नाही, म्हणजे अजून बरीच वर्षं, तोवर ठमाच.) मामेभाऊ परदेशी गेला तेव्हा त्याच्याकडून घेतली, पण आधी त्याच्याकडचे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीचे कागद बघितले आणि ट्रान्सफरही तिथेच रीतसर टाकलं, २०२४ च्या नियमांनंतर अशा परदेशी प्रजातींची नोंद करावीच लागते. आणि हे सांगून ठेवते कारण कोणी ना कोणी विचारतंच, ते पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासव लोक वास्तूसाठी म्हणून गुपचूप आणतात ना, तो आपल्याकडचा वन्यप्राणी आहे, वन्यजीव कायद्याने ते घरात ठेवणं गुन्हा आहे. लक्ष्मी येते म्हणे. वनखातं येतं.

दुसरं ऐकायला मिळालेलं म्हणजे "कासवं थंडीत झोपतातच, झोपू दे त्यांना". झोपतात, पण युरोपासारख्या थंड प्रदेशांतल्या काही जाती. सुलकाटा सहाराच्या खालच्या साहेल पट्ट्यातलं, ते शीतनिद्रा घेत नाही. गार पडलं की ते नुसतं मंद होतं, पोटातला पाला पचत नाही, तसाच सडतो, आणि त्यात अंग ओलं असेल तर थेट छातीत जातं. कासवाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यामुळे धड खोकून कफ बाहेर काढता येत नाही, म्हणून त्यांचा न्यूमोनिया वाईट. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, मान लांब करून बसणं, यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय न करता एक्झॉटिक प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे. साधे कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर बिचारे स्वतःच सांगतात की आम्हाला यातलं फार कळत नाही.

तर नुसती ऊब दिली की झालं असंही नाही, मला सगळ्यात जास्त डोकं इथे लावावं लागलं. या पिल्लांना गरम आणि दमट दोन्ही एकत्र लागतं. वाळवंटी प्राणी म्हणून लोक कोरडं ठेवतात, पण जंगलात ही पिल्लं दिवसाचा बराच वेळ ओलसर बिळात असतात, आणि कोरड्यात वाढवली की पाठीवरचे चौकोन पिरॅमिडसारखे वर येतात, ते नंतर खाली बसत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात दमटपणा फुकट मिळतो. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की ओठ फुटतात, तेव्हा दुपारी घरातली ह्युमिडिटी ३५-४० पर्यंत पडते. उघड्या टबवर बल्ब टांगला तर ऊब वर उडून जाते आणि उरलासुरला ओलावाही सुकतो. म्हणून ठरवलं की बंद पेटीच करायची, वरूनसुद्धा बंद.

आणि एक नाही, दोन. दोन पिल्लं एका जागी ठेवली की एक दुसऱ्यावर दादागिरी करतं, मारामारी नाही दिसत, नुसतं मागे मागे फिरणं, खाण्यावर जाऊन बसणं, पण दबलेलं पिल्लू वाढत नाही. आता टू बीएचकेमध्ये दोन चार-चार फुटी पेट्या कुठे ठेवणार, तर एकावर एक. आमचे सुतारकाका माप घेताना म्हणाले, "ताई, देव्हारा दुमजली नाही करत कोणी." म्हटलं काका देव्हारा नाही, कासवांसाठी आहे. दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "मग देवच की, पाय धुवूनच काम करतो."

मरीन प्लाय, प्रत्येक मजला चार बाय दोन, पुढे सरकत्या काचा, आतून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) कोट. हा कोट पूर्ण सुकून वास जाईपर्यंत पेटी बाल्कनीत उघडी ठेवली, नवरा रोज नाक घालून यायचा, त्याचं नाक आमच्या घरात सगळ्यात तिखट. काचेचा फिश टँक वापरा असंही सुचवलं होतं एकाने, पण काच रात्री गार पडते आणि आरपार दिसतं म्हणून कासव दिवसभर भिंतीला धडका देत बसतं, त्याला कळतच नाही की पुढे रस्ता नाहीये.

गरम करायला सिरॅमिक हीट एमिटर, म्हणजे उजेड न देणारा नुसता तापणारा बल्ब. रात्री उजेड नको असतो, लाल बल्बसुद्धा नको. हा एमिटर इतका तापतो की प्लॅस्टिकचा होल्डर वितळेल, चिनी मातीचाच होल्डर लागतो. तो आमच्या इथल्या दुकानात मिळेना, मुंबईला लोहार चाळीत पहिल्याच दुकानात मिळाला. भोवती जाळी, आणि थर्मोस्टॅटशिवाय लावायचाच नाही, ही एक गोष्ट मी कोणाला स्वस्तात करू देणार नाही. दिवसा बसून ऊन खायला एका कोपऱ्यात साधा ६० वॉटचा पिवळा बल्ब (एलईडी तापत नाही, आणि पिवळा बल्ब आता शोधावा लागतो), त्याखाली ३५-३७, दुसऱ्या टोकाला २७-२८, आणि रात्री कुठेही २६ च्या खाली नाही. शिवाय यूव्हीबीची (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार) लांब टी५ ट्यूब, दीड फुटावर, टायमरवर बारा तास. खिडकीतून ऊन येतं की असं म्हणू नका, काचेतून यूव्हीबी येत नाही, आणि ते नसलं की कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं.

पिल्लं आत सोडायच्या आधी पेट्या रिकाम्याच चालवून बघितल्या. दोन ह्युमिडिटी मीटर ऑनलाइन मागवलेले, त्यांच्यावर माझा विश्वास नव्हता, तर त्यांची सोपी परीक्षा आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यात चार थेंब पाणी, नुसतं ओलं होईल इतकंच, विरघळवायचं नाही. ते झाकण आणि मीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. सकाळी मीटरने ७५ दाखवायला हवं. माझ्या एकाने ७४ दाखवलं, दुसऱ्याने ६६, मग दुसऱ्यावर स्केचपेनने "+९" लिहून टाकलं, अजून तसंच वापरतेय. पृष्ठभागाचं तापमान बघायला कोविडमधली ती कपाळावर धरायची गन काढली, तिच्यात सरफेस मोड असतो, तेवढं एक त्या काळातलं खरेदीचं सार्थक झालं. या चाचणीत कळलं की खालच्या मजल्याची ऊब फळीतून वर चढते आणि वरचा मजला आपोआप दोन-तीन डिग्री गरम राहतो, त्यामुळे एकाच थर्मोस्टॅटवर दोन्ही चालवायचा प्लॅन रद्द, प्रत्येकाला वेगळा. अर्थातच वरचा फ्लॅट ठमाला.

दोन्ही मजल्यांवर तळाला नर्सरीतलं खत न घातलेलं कोकोपीट, चार इंच. पाणी वरून शिंपडायचं नाही, कोपऱ्यात ओतायचं, म्हणजे तळ ओला राहतो आणि वरचा थर हाताला कोरडा लागतो, नाहीतर पोटाकडचं कवच कुजतं. लपायला कुंभाराकडचं अर्धं मडकं. पाण्याला कुंडीखालची मातीची ताटली, उथळ आणि खरखरीत असल्याने पिल्लं त्यात उलटी पडली तरी पायाला आधार मिळतो, पेट शॉपमधल्या महागड्या बोलपेक्षा शंभरपट बरी. बंद पेटीत हे सगळं केलं की ७५-८० ह्युमिडिटी आपोआप टिकते, फवारे मारत बसावं लागत नाही.

खाण्याचं आपल्याकडे फार सोपं आहे. हरळी हे त्यांचं मुख्य अन्न म्हणून चालतं, आणि हरळी म्हणजे आपल्या दूर्वाच. आमची फुलवाली मावशी पहिले आठ दिवस समजत होती की घरी मोठं अनुष्ठान चालू आहे, संकष्टीला भाव वाढवला तरी मी घेते म्हणून. जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, थोडा शेवग्याचा पाला, सगळं धुऊन. पालक नको, फळं नको, पोळी-भात तर अजिबात नको, आजी लोकांवर लक्ष ठेवा. कॅल्शियमसाठी समुद्रफेन, जांभळी नाक्याला काष्ठौषधीच्या दुकानात मिळालं, तसंच कुरतडतात. रोज पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात हनुवटीपर्यंत बसवायचं, तिथेच पाणी पितात आणि तिथेच शी-शू उरकतात. शूबरोबर पांढरं येतं, ते दाटसर असेल तर ठीक, वाळूसारखं खरखरीत आलं तर पाणी कमी पडतंय. आंघोळीनंतर पुसून लगेच गरम पेटीत, पंख्याखाली नाही.

दुपारी अकरा ते एक मात्र बाल्कनीत नेते, खरं ऊन ते खरं ऊन. अर्ध्या टबवर सावली आणि पूर्ण टबवर जाळी, कारण आमच्या इथे घारी आहेत आणि कावळे तर कठड्यावर बसून मापच काढत असतात.

लाईट गेली तर? आमच्याकडे मेंटेनन्ससाठी दिवसा दोन-चार तास जाते, इन्व्हर्टरवर एमिटर टाकण्यात अर्थ नाही. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून मडक्याच्या मागे, काचांवर जुनी गोधडी. पेटी बंद असल्याने तापमान हळूहळू उतरतं, २६ च्या खाली एकदाही गेलं नाही. बिल महिन्याला शंभरेक युनिटने वाढलं. त्यावरून घरात जी चर्चा व्हायची ती झाली, मग मी एसीचं मे महिन्याचं बिल दाखवलं.

वजन दर रविवारी किचनच्या वजनकाट्यावर. दोघांची पाठ गुळगुळीत वाढतेय, नवीन वाढीची पांढरी रेघ प्रत्येक चौकोनाभोवती स्वच्छ दिसते. मार्चपासून एमिटर जवळजवळ लागलेच नाहीत, थर्मोस्टॅट आपला शांत, पण ट्यूब आणि बल्ब चालूच. पुढचा हिवाळा या पेट्यांमध्ये निघेल, त्याच्या पुढचा नाही, कारण ही जात पूर्ण वाढली की ४०-५० किलोची होते. मुरबाडला सासऱ्यांची जागा आहे, तिथे कुंपण आणि तापवता येईल अशी खोली बांधायचं बोलणं सुरू केलंय. सासरे म्हणतात आधी विहिरीला कठडा बांधू, मग कासवं आण.